मी कधीच न टाकलेला पासवर्ड

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. सगळे सुरुवातीला लिहितात, 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता.' नव्हता म्हणजे आता बसला, असं. माझा अजूनही बसलेला नाही. मी ज्या घरात वाढले तिथे भिंतीवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या होत्या आणि भूत, भानामती, नजर, मुहूर्त यातला एक शब्द जरी कुणी काढला तरी बाबा चष्मा काढून ठेवायचे. चष्मा काढला की भाषण ठरलेलं. चाकूर तालुक्यात कुणाच्या अंगात आलं असं कळलं की बाबा सायकल काढून तिथे हजर. तेव्हा 'श्रद्धा असू द्या हो ताई' असल्या कॉमेंट कृपा करून टाकू नका. मी हे विश्वास बसला म्हणून लिहीत नाहीये, राग आला म्हणून लिहितेय. आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी नांदेडला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते. नवरा लोह्याजवळ शाळेत शिक्षक आहे. आम्हाला एकच मुलगी, यशोधरा. घरात यशू. यंदा ती दहावी झाली. आता मराठवाड्यातलं पोरगं दहावीला चांगले मार्क घेऊन बाहेर पडलं की पुढे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लातूर! डॉक्टर व्हायचं असेल तर अकरावी-बारावी लातूरला, क्लास लातूरला, आणि राहायला लातूरला खोली. यशूला डॉक्टर व्हायचंय. चौथीत असताना आजोबांचं ब्लडप्रेशर मोजायला शिकली, तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

तर जूनमध्ये आम्ही दोघी खोली शोधायला निघालो. नवऱ्याचं ट्रेनिंग लागलं होतं, तो आला नाही. सकाळची बस धरली... लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. बसमध्ये निम्म्या सीटवर आमच्यासारखेच मायलेक नाहीतर बापलेक. सगळ्यांच्या हातात मार्कशीटची पिशवी आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "खोली मिळंल का?"

दुपारपर्यंत आम्ही बेजार झालो. एका ठिकाणी जिन्याखाली पत्रा ठोकून त्याला खोली म्हणत होते. एका ठिकाणी पाच मुलींना मिळून एक खिडकी, आणि तीसुद्धा शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. यशूचा चेहरा उतरत चालला होता. आणि मग एका शांत गल्लीत ते घर दिसलं. दुमजली, अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, फाटकावर पाटी — 'मुलींसाठी खोल्या. सोलर, वायफाय.' घराचं नाव 'कृपाछाया'. (नाव मी बदलून लिहिलंय. बाकी काहीच बदललेलं नाही.)

मालकीणबाई साठीच्या असतील. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "या की माय, उनातानाच्या आलाव. आधी बसा, पाणी प्या." मुली त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणते. खोटं कशाला सांगू, मला त्या आवडल्या. माठातलं पाणी दिलं, यशूला मार्क विचारले, ऐकून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लई हुशार हाय की गं पोरगी! डाक्टरीण हुणार बगा ही."

वरची खोली दाखवली. पूर्वेला खिडकी, बाहेर कडुलिंब, भिंतीत पुस्तकांचं कपाट. यशूनं कॉटवर बसून बघितलं, टेबलाशी बसून बघितलं, मग ती खिडकीला ओढणी लावून पडदा केवढा लागेल ते मोजायला लागली. मी काकूंना म्हटलं, "ही आता इथून हलत नाही." त्या म्हणाल्या, "मग कामून हलायचं? हप्त्याभरात सामान घेऊन या."

आणि तेव्हा माझ्या पर्समधला फोन वाजायला लागला. टुंग, टुंग, टुंग... थांबेचना.

त्या गल्लीत शिरल्यापासून माझ्या फोनला रेंज नव्हती. नवऱ्याला पाठवलेले खोल्यांचे फोटो नुसते गोल गोल फिरत होते. आता ते सगळे एकदम गेले, आणि त्याचे अडकलेले मेसेज एकदम आले. मी फोन बघितला. वर वायफायची खूण, पूर्ण भरलेली. नेटवर्कचं नाव कृपाछाया.

मला वाटलं, पासवर्डच नसेल. मी सहज म्हटलं, "काकू, तुमचं वायफाय उघडंच आहे की. कुणीही गल्लीतून वापरेल."

"उघडं?" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अवो ताई, इथं कुणालाच लागंना ते! वरच्या पोरी रोज माझं डोकं खायल्यात. पाटीवर वायफाय लिवलंय अन् वायफाय कुटं हाय म्हून."

गोष्ट अशी होती. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. नवीन मुलगी आली की काकूंचे यजमान आपल्या फोनवर तो चौकोनी कोड काढायचे, मुलगी तो स्कॅन करायची, काम झालं. त्यांच्या फोनवर नुसता कोडच दिसायचा, अक्षरं नाही. उन्हाळ्यात तो फोन पाण्याच्या टाकीत पडला. टाकीबरोबर फोनही धुऊन निघाला. जुन्या मुली बारावी होऊन आपापल्या गावी गेल्या. आता घरात त्यावर चालू होते फक्त टीव्ही आणि फाटकावरचे कॅमेरे. कंपनीचा माणूस रोज 'उद्या येतो' म्हणत होता, आणि मशीनचं बटण दाबून सगळं पुसायचं म्हटलं तर यजमान घाबरत होते, कॅमेरे बंद पडतील म्हणून.

"आमच्याकडं एक पोरगा व्हता," काकू सांगायला लागल्या. "तव्हा आमी पोरांना देत व्हतो खोल्या. त्यानंच बसवून दिल्तं हे सगळं. पासवर्ड-बिसवर्ड त्यानंच टाकला. सूर्यवंशी. काय गुणी पोरगं व्हतं ताई! सत्यनारायण असला की परसाद वाटायला ह्योच पुढं. असं लेकरू परत मिळालं न्हाई आमाला."

मी म्हटलं, "फोन करून विचारा की त्याला."

"लंबर बदलला वाटतं त्याचा. लागत न्हाई." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पन तुमच्या मोबाईलमध्ये हाय म्हंजे बगा की, पासवर्ड दिसत आसंल! माझ्या सुनंच्या मोबाईलात दिसतो तसा."

मी सेटिंग उघडतच होते. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. बघता बघता, अगदी सहज, म्हणाल्या, "बरं, आडनाव काय म्हन्ला तुमचं?"

मी काही म्हटलेलं नव्हतं. पण तुम्हाला सांगते, हा प्रश्न आमच्या अंगवळणी पडलेला आहे. तो कधी येणार तेवढंच आम्हाला माहीत नसतं.

"गजभारे," मी म्हटलं.

"...हं. कुटले म्हनायचे?"

"सासर लोहा. माहेर चाकूर."

"म्हायेरचं आडनाव?"

बघा बरं! खोली माझ्या मुलीला पाहिजे, राहणार माझी मुलगी, आणि चौकशी माझ्या माहेरच्या आडनावापर्यंत. मीही सांगितलं, अगदी स्वच्छ. "सोनकांबळे."

काकू माझ्या खांद्यापासून सरळ झाल्या. ओरडल्या नाहीत, काही वाईट बोलल्या नाहीत. असं कुणी आता करत नाही. पदर नीट केला, आणि म्हणाल्या, "अगं बाई... माझ्या ध्यानातच न्हाई. ही खोली यांनी कालच एका पाव्हण्याला बोलल्याय."

यशू खिडकीत उभी होती. ओढणीचं एक टोक खिळ्याला, दुसरं हातात. तिला कळलं. सोळा वर्षांच्या मुलीला कळू नये असं काही नसतं त्यात. तिनं ओढणी सोडवली, घडी केली आणि गळ्यात घातली. तेवढं करायला तिला फार वेळ लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण खरी कमाल पुढेच आहे. आम्ही जिना उतरत होतो, तर काकू मागून म्हणतात, "ताई, पासवर्ड तेवढा बगून सांगता का? तुमचं काय जायलंय?"

मी उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर काय दिलं असतं ते इथे लिहिता येणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी रसवंती होती. तिथे बाकड्यावर बसलो. यशूनं रसाला हात लावला नाही. ती रडत नव्हती, त्याचाच मला जास्त राग येत होता. म्हटलं, निदान हे नेटवर्क तरी माझ्या फोनमधून काढून टाकते, त्या घराचं काही नको मला. सेटिंग उघडलं. सेव्ह केलेल्या नेटवर्कच्या यादीत आमचं घर, ऑफिस, आणि कृपाछाया. त्यावर बोट ठेवलं. काढून टाकायच्या बटणाशेजारीच शेअरचं बटण होतं... आणि रागात बोट त्याच्यावर पडलं. फोननं अंगठा मागितला. मी दिला. चौकोनी कोड आला आणि त्याच्याखाली, बारीक इंग्रजी अक्षरांत, मधे कुठेही जागा न सोडता, पासवर्ड.

मीसोनकांबळेचाकूरचा.

मी तो तीनदा वाचला. मग यशूकडे फोन दिला. तिनं वाचला आणि माझ्याकडे बघितलं. जूनचं ऊन होतं, पत्र्याखाली बसलो होतो, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

चाकूरचे सोनकांबळे आम्हीच एकटे आहोत असं नाही. पण मला एकच माणूस डोळ्यासमोर आला. माझा भाऊ मिलिंद. आमच्या घरातलं शेंडेफळ, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. आता पुण्यात कंपनीत आहे. बारावीनंतर तो लातूरला क्लासला होता. राहायला कुठे, तर 'मित्राच्या रूमवर'. बाबा डबा घेऊन भेटायला जायचे, तर हा स्टँडवरच यायचा भेटायला. बाबांना खोलीवर कधी नेलं नाही. बाबांच्या शर्टाला बाबासाहेबांचा छोटा बिल्ला कायम असायचा. ते घरी येऊन कौतुकानं सांगायचे, "पोरगं वेळ वाया घालू देत न्हाई. स्टँडवरूनच वाटं लावतंय मला."

मी मिलिंदला फोन लावला. रसवंतीपाशी रेंज होती.

"बोल आक्का. मिळाली का खोली?"

"मिलिंद, तू लातूरला कुणाकडे राहत होतास?"

"...कामून गं?"

"कृपाछाया नावाच्या घरात होतास का?"

त्याच्या मागचे आवाज एकदम कमी झाले; उठून बाजूला गेला असावा. मग तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"सूर्यवंशी म्हणून राहत होतास?"

"आक्का, सतरा घरं फिरलो होतो मी. आडनाव सांगितलं की खोली भरलेली असायची. शेवटच्या घरी तोंडातून सूर्यवंशी निघालं. सूर्यवंशी सगळ्यांच्यात असतात, कुणी पुढं विचारलं न्हाई." तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "बाबांना सांगणार होतो का? बाबांनी कॉलर धरून बाहेर काढलं असतं मला तिथून."

मी पासवर्ड वाचून दाखवला.

त्यानं तो स्वतःशी एकदा पुटपुटून बघितला. मग एकदम दबलेल्या आवाजात, "तुला तो कसा ठाऊक? आक्का, तो मी कुणालाच सांगितलेला न्हाई. त्यांच्या सगळ्यांच्या फोनला मी माझ्या हातानं टाकून द्यायचो. मला स्वतःलाच आता नीट आठवत नव्हता, चाकूरकर होतं का चाकूरचा..."

"कशाला टाकलास असला?"

"दिवसभर सूर्यवंशी, सूर्यवंशी, सूर्यवंशी. जेवायला बस सूर्यवंशी, आरतीला ये सूर्यवंशी. कुठंतरी खरं नाव लिहावं वाटलं. बस्स." मग तो म्हणाला, "काकू वाईट नव्हत्या गं. मला टायफॉइड झाला तव्हा उशाशी बसून पेज भरवली त्यांनी. त्याचाच जास्त राग येतो. सूर्यवंशीच्या उशाशी बसल्या होत्या ना त्या. माझ्या नाही."

आता टेक्निकल मंडळी पुढे सरसावतील, म्हणून मीच सगळं सांगून टाकते. हा फोन मी गेल्या दिवाळीत नांदेडला दुकानातून नवाकोरा घेतला, सील माझ्यासमोर फोडलं. जुन्या फोनमधून काहीही यात आणलेलं नाही. जुना फोनही कधी त्या गल्लीत गेलेला नव्हता. मी स्वतः कधी गेलेली नव्हते. मिलिंदचं गुगल अकाउंट माझ्या फोनवर कधीच नव्हतं, आणि तो लातूरला वापरत होता तो फोन त्यानं पुण्याला गेल्यावर विकून टाकला. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, दुसऱ्या कुठल्या वायफायचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब हेच असेल तर फोन फसू शकतो. मी म्हटलं, कृपाछाया नावाचं आणि आमच्या आडनावाचा पासवर्ड असलेलं दुसरं वायफाय मला दाखव, मी तुला जेवायला घालते. तो हसला आणि कामाला लागला. आणि हो, यशूचा फोन तिथे लागला नव्हता. फक्त माझा.

माझी एक चुलत नणंद म्हणाली, तुमच्या बाबांनीच हे केलं असणार. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मी तिला म्हटलं, बाबांना असलं काही करताना बाबांनीच पकडलं असतं तर त्यांनी स्वतःचा चष्मा काढून स्वतःलाच भाषण दिलं असतं. पुन्हा असं बोलू नको.

असो. रसवंतीवर परत येऊ.

मी फोन ठेवला. मला वाटलं होतं, आता बस धरून घरी जावं. पण यशू उठली. "मम्मी, चल. त्यांना पासवर्ड पाहिजे ना? देऊ आपण."

"काही गरज नाही."

"मला द्यायचाय," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण अगदी बाबांवर गेलेला. मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंही नव्हतं.

आम्ही परत गेलो. काकू फाटकातच होत्या, तांदूळ निवडत. आम्हाला बघून आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी म्हटलं, "घाबरू नका, खोली मागायला नाही आलो. पासवर्ड मिळालाय. तुमचा फोन आणा."

एवढ्यावर त्यांचा चेहरा पुन्हा तसाच गोड झाला! "आणते की माय! लई उपकार झाले." आतून फोन आणला. यजमानही मागे येऊन उभे राहिले. वरच्या दोन मुली गॅलरीतून वाकल्या. मी यशूला म्हटलं, सांग तू.

यशू एकेक इंग्रजी अक्षर सांगत गेली. काकू चष्मा लावून एकेक शोधून दाबत होत्या. "एम... झालं. आय... झालं. पुढं?" फोन अक्षरांच्या जागी ठिपके दाखवत होता, म्हणून काय लिहितोय ते त्यांना कळत नव्हतं. मधे एकदा चुकल्या. यशूनं सगळं पुसायला लावलं आणि पहिल्यापासून सांगितलं. यजमान म्हणाले, "लई लांबलचक हाय की." यशू म्हणाली, "हो काका. पूर्ण नाव आहे ना."

शेवटचं अक्षर दाबलं. फोन विचार करत राहिला, आणि लागला. वरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आता तो डोळ्याचा आकार दाबा काकू, कोड दिसतो तिथे," यशू म्हणाली. "अक्षरं दिसतात. पाठ करून ठेवा, म्हणजे परत हरवायचा नाही."

काकूंनी दाबला. फोन लांब धरून, सवयीनं मोठ्यानं वाचायला लागल्या. "मी... सोन... मी सोनकां..."

थांबल्या.

यजमानांनी फोन हातात घेतला. त्यांनी मनातल्या मनात वाचला. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"तुमचा सूर्यवंशी," मी म्हटलं. "मिलिंद. त्याला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही पेज भरवली होती. तो माझा भाऊ. सूर्यवंशी नाही तो. तो कोण आहे ते तुम्ही आताच वाचलं."

मला त्या क्षणी काय वाटत होतं? खरंच सांगते, मला वाटत होतं की या बाईनं काहीतरी बोलावं. रडावं, चिडावं, 'फसवलं त्यानं आम्हाला' म्हणून आदळआपट करावी. मी त्याला तयार होते. एक क्षण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलंसुद्धा. ओठ हलले. "पेज..." एवढं म्हणाल्या. "पेज लई आवडायची त्याला."

आणि मग यजमानांकडे वळून, हळू आवाजात — पण मी ऐकलं, यशूनं ऐकलं, गॅलरीतल्या मुलींनी ऐकलं — त्या म्हणाल्या, "अवो, हे बदलायचं कसं?"

यशूनं माझा हात धरला आणि आम्ही निघालो. मी मागे वळून ओरडले नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ओरडायला पाहिजे होतं. बसभर मी मनातल्या मनात ओरडतच होते. चाकूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि यशू खिडकीबाहेर बघत बसली. मला मोकळेपणी रडता यावं म्हणून, बहुतेक.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी नवराही होता. पहिल्याच घरी बाई दार उघडून 'या, बसा' म्हणायच्या आत यशू उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "मी यशोधरा गजभारे. लोह्याची. खोली बघायला आलेय. आत येऊ का?" नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्या बाईंनी खोली भरली म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी तसंच. यशू प्रत्येक दारात तेवढंच, तेवढ्याच आवाजात म्हणत होती. पाचव्या की सहाव्या घरी एक काका गॅसची शेगडी दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ये की मग. खोली वर हाय, पंखा आवाज करतो, आधीच सांगतो." तिथेच ती आता राहते. पंखा खरंच आवाज करतो.

मिलिंदला मी सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "मोठ्यानं वाचलं काकूंनी?" मी म्हटलं, हो, निम्मं. "निम्मं तर निम्मं," तो म्हणाला.

माझ्या फोनमध्ये तो पासवर्ड कुठून आला, मला माहीत नाही. मी अजून शोधतेय. कुणाला काही शास्त्रीय कारण सुचलं तर जरूर लिहा, मी आभारी राहीन. ज्यांना दुसरं काही सुचेल त्यांनी आपल्याजवळच ठेवा. 'न्याय झाला', 'नियतीनं दाखवून दिलं' असलं तर अजिबात नको. कसला न्याय? माझ्या मुलीला ती पूर्वेची खिडकी मिळाली का?

परवा यशूला भेटायला गेले होते. येताना मुद्दाम त्या गल्लीवरून आले. फाटकापर्यंत गेले नाही, दोन घरं अलीकडेच थांबले. पर्समध्ये फोन टुंग टुंग करायला लागला.

लागला. म्हणजे पासवर्ड अजून तोच आहे. त्यांना बदलता आलेला नाही, किंवा बदलला नाही, कारण मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. पण पाटी अजून फाटकावर आहे, आणि वर खिडकीला कुणाचा तरी पडदा लागलाय. म्हणजे नवी मुलगी आली असणार, आडनाव विचारून, पारखून घेतलेली. आणि खोलीत सामान टाकून तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर वायफायचा पासवर्ड मागितला असेल. काकूंनी वाचून दाखवला असेल आणि तिनं लिहिला असेल — मी सोनकांबळे, चाकूरचा.

लिहा म्हणावं.